रात्री अडीचची पाळी

लेकीनं दिलंय घड्याळ. ह्याला चावी नाही,
टिकटिक नाही. अंधारात मनगट उचललं
की आपणहून उजळतं आणि विचारतं:
आज पाणी प्यालात का?

मी उदगीरचा व्हॉल्व्हमन.
चौबाऱ्याला आज सोडलं तर पुन्हा आठव्या दिवशी,
देगलूर रोडला नवव्या,
पत्र्याच्या शाळेमागचं मी बोलत नाही.
मला विचारावं ह्यानं?

डब्यावर लिहिलं होतं, तुमचं आयुष्य बदलेल.
बदललं म्हणा. आधी मी नुसता चालायचो,
आता पावलं मोजली जातात.
परवा अकरा हजार भरली तेव्हा काचेवर फटाके फुटले.
मी खड्ड्यात, गुडघाभर चिखल,
हातात चार फुटी लोखंडी चावी,
बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

पहाटे म्हणतं, तुमची झोप अनियमित आहे.
बाबा, तलावावरची मोटार अडीचला सुरू होते.
तिला सांग.

बिराजदार सरांकडं कपड्यांचं नवं मशीन आलंय,
इंटरनेटवर चालणारं. सर सांगत होते,
फ्रीज मशीनशी बोलणार, मशीन फोनशी,
तुम्ही स्टँडवर उतरलात की एसीला कळणार
आणि घर थंड होऊन वाट बघत बसणार.
मी म्हटलं, आणि लाईट गेली तर?
सर म्हणाले, त्याचाही मेसेज येतो.

आता मशीन सरांना कळवतं: पाण्याचा दाब कमी आहे.
सर ते मला पाठवतात,
खाली दोन जोडलेले हात.
मी वाचतो, व्हॉल्व्हवर वाकलेल्या वाकलेला.
एवढं फिरून बातमी पोचते
ती जिथून निघाली तिथंच.

रझियाआपाकडं असलं काही नाही.
ती तोटी उघडी ठेवते,
खाली पितळी परात पालथी घालते आणि झोपते.
आधी नळ खोकतो, नुसती हवा,
मग पहिला थेंब. टण्ण.
आपा उठून शेजारची भिंत ठोकते,
शेजारीण पुढची,
दहा मिनिटांत सगळी गल्ली घागरी घेऊन उभी.
परातीला अजून चार्जिंग लागलेलं नाही.

खरं सांगतो, काढून ठेवणार होतो मी घड्याळ.
पण त्या रात्री किल्ल्याखालचा जुना व्हॉल्व्ह अडकला.
हातानं लावून बघितलं, मग खांदा, मग छाती.
फिरेना. तेवढ्यात फोन.
दैवशाला. पुण्याहून. पावणेतीनला.

"अण्णा, ठोके एकशे बावन्न दाखवलालंय. काय करलालाव?"
"चावी फिरेना गं."
"कुठली? किल्ल्याखालची, ती बुटकी?"

तिच्या फोनवर निळी रेघ होती म्हणे,
मी बोळाबोळातनं फिरलो तशी.
लहानपणी ह्याच खड्ड्यावर बॅटरी धरायची ती,
उभ्या उभ्या डुलक्या घेत.
उजेड माझ्या हातावरून भिंतीवर जायचा,
मी ओरडलो की परत यायचा.

"आधी उलटी फिरवा, अर्धा आटा. मग सुलटी.
तुम्हीच तर..."
पुढं ती बोलली नाही.

उलटी, अर्धा आटा. काहीतरी करकरलं.
मग जमिनीच्या पोटात गुरगुर सुरू झाली.
फोन मी पाइपाला लावून धरला.
किती वेळ, ते घड्याळाला माहीत.

"आमच्या लिफ्टला आता बोलून मजला सांगितला तरी कळतंय,"
ती नंतर म्हणाली, "पाणी मात्र टँकरचंच आहे.
जेवलाव का?"

घालतो अजून.
पाणी प्या म्हणालं की बाटली काढतो,
तिकडं तिला दिसत असेल असं धरून
दोन घोट जास्तीचे घेतो.

परवा विचारलं तिला. दिसत नाही म्हणे.
ठोके त्याचं ते मोजतं, पावलं मोजतं.
पाण्याचं आपलं आपण भरायचं असतं.